बांध कुठे होता

जानेवारीत वरणगावला येऊन भरीत न खाता परतलेला माणूस आमच्याकडे आला होता असं कुणी धरत नाही. यंदाचा बेत नानांच्या मळ्यात होता. तुऱ्हाट्यांच्या जाळावर बामणोदची हिरवी वांगी भाजून, सोलून झाली होती. बडगीत मिरची-लसूण ठेचणं चाललं होतं, कळण्याच्या पुऱ्यांसाठी कढई तापत होती. समोर केळीची बाग आणि बागेपलीकडे हतनूर धरणाचा फुगवटा. पाण्यावर लांब काळे ठिपके होते. ते हलले, की ती बदकं आहेत हे कळायचं.

नाना माझे काका. त्यांच्या शेजारी बसलेले तात्या मूळचे मालवणचे. चीन युद्धानंतर १९६४ साली वरणगावला ऑर्डनन्स फॅक्टरी आली आणि तिच्यामागून देशभरातली माणसं या काळ्या मातीत उतरली. तात्या १९७८ साली आले. कोकणातला चाकरमानी मुंबईला जातो, हा एकटाच वाट चुकून खानदेशात आला, असं नाना म्हणतात. दोघं एकाच सेक्शनला, एकाच पाळीत बंदुकीच्या गोळ्या करत म्हातारे झाले. निवृत्तीनंतर तात्यांनी घरही वरणगावातच बांधलं.

गेल्या महिन्यात ते आठ दिवसांसाठी मालवणला गेले आणि चौथ्याच दिवशी परतले. विषय तिथून निघाला. मी मधे फारसा बोललो नाही. जे ऐकलं ते लिहितो आहे.

तात्या : चौथ्या दिवशी निघालो, कारण माझ्याच घरात मी गिऱ्हाईक झालो. आमच्या घरापुढच्या खळ्यात उन्हाळ्यात सोलं वाळायची. रात्री आजी तिथेच अंथरूण टाकायची. आता तिथे तीन गाड्या उभ्या. एक पुण्याची, एक कोल्हापूरची आणि एक एमएच-१९!

नाना : म्हणजे आपल्या जळगावचीच. विचारायचंस ना, वांगी आणलीत का म्हणून.

तात्या : कर चेष्टा. पुतण्यानं घरातल्या पाच खोल्या पाहुण्यांना दिल्यात. न्याहारी-निवास योजना. दुपारी पानावर बसायच्या आधी त्यानं मला विचारलं, ‘काका, व्हेज की नॉनव्हेज?’ अरे, आमच्यात दारात आलेल्या माणसाला ‘जेवलंस?’ असं विचारतात. तेव्हाच ठरवलं, परतीचं तिकीट काढायचं.

नाना : दिवसातून दहा जणांना विचारतो तो. जिभेवर बसलंय. त्यात रुसण्यासारखं काय?

तात्या : रुसलो नाही. गावानं माझ्याशी बोलायची भाषा बदलली, एवढंच सांगतोय. मी मेढ्यातला. मेढा म्हणजे जुनं मालवण. समुद्रातलं सिंधुदुर्गाचं बेट आणि पद्मगडाचं बेट सगळ्यांना माहीत असतं. मेढा हे तिसरं. १८८० च्या रत्नागिरी गॅझेटिअरात आहे ते. जुनं गाव आतल्या बेटावर, किनारा आणि गाव यांच्यात पाण्याची एक अरुंद पट्टी, आणि घरं माडांत जवळजवळ लपलेली. महाराजांनी १६६४ साली समोरच्या कुरटे बेटावर किल्ला बांधायला घेतला आणि १६६७ पर्यंत पुरा केला. त्या किल्ल्याकडे पाहत आम्ही...

नाना : थांब जरा. मेढा बेट होतं म्हणालास. आता नाही?

तात्या : नाही. ती पट्टी केव्हाच बुजली. गॅझेटिअर लिहिलं तेव्हाच मेढा जमिनीला जोडलेला होता.

नाना : म्हणजे तुझ्या गावाचं बेटपण तू जन्मायच्या कितीतरी आधी संपलं. ते काही पुण्याच्या गाडीवाल्यांनी संपवलं नाही. तेव्हा कुणी रडलं असेल का? मला तर वाटतं, पाय ओले न करता बाजाराला जाता येतं म्हणून बायका खूश झाल्या असतील.

तात्यांनी पुरीचा तुकडा मोडला, भरतात बुडवला आणि तसाच हातात धरून ठेवला.

तात्या : असतील. मी बदलाला नको म्हणत नाही. पण रापण पाहिली आहेस तू? होडीतून जाळं समुद्रात अर्धगोल टाकत न्यायचं आणि दोन्ही टोकांचे दोर वाळूवर उभं राहून ओढायचे. एका बाजूला वीस-पंचवीस माणसं. शाळेला दांडी मारलेलं पोर असो, वाटेनं जाणारा मास्तर असो, दोराला हात लावला की त्याला चार मासे मिळायचे. तुझं नाव काय, गाव काय, कुणी विचारायचं नाही. मी लहानपणी टोपीतून बांगडे आणलेत घरी. आता दांडीच्या किनाऱ्यावर बघावं तर ओळीनं स्कुबाच्या होड्या. समुद्र तोच आहे. फक्त दोर धरायला आता कुणी हाक मारत नाही.

नाना : मग हे सांग. इतकं देणारं गाव होतं, तर १९७८ साली तू इथे काय करायला आलास?

तात्या : पोटासाठी.

नाना : हां! तुझा अख्खा मुलूख मनीऑर्डरवर जगायचा. पोस्टमन दिसला की म्हातारी दारात यायची, हे तूच सांगितलंयस मला पाळीवर. मेढ्यातल्या घराचे वासे तुझ्या पगारातून बदलले. आता तुझा पुतण्या गाव न सोडता वासे बदलतो. त्याच्या आईला पोस्टमनची वाट पाहावी लागत नाही. तुला मात्र ते घर मोडकंच बरं वाटतं, कारण तुझ्या आठवणीत ते मोडकं आहे.

तात्या : हे लागलं मला.

नाना : लागू दे. गावाची आठवण काढणारे बहुतेक गाव सोडून गेलेले असतात. जे राहतात त्यांना आठवणी काढायला सवड नसते. हा पोरगा बघ (माझ्याकडे बोट करून), पुण्यात राहतो आणि वर्षातून एकदा येऊन म्हणतो, काका, शेतातला गोठा पाडू नका, फार छान दिसतो. गोठा गळतो, हे त्याला कुठून दिसणार?

हे खरं होतं, म्हणून मी पुरी घेतली.

तात्या : बरं, माझं राहू दे. जे राहिले त्यांच्याबद्दल बोलू. आमच्या विहिरीवर तीन घरं पाणी भरायची. आज तिला मोटर लागली आहे आणि पाच खोल्यांच्या न्हाणीघरांना पाणी जातं. मे महिन्यात शेजारीण कळशी घेऊन थांबते. ती गाव सोडून गेलेली नाही ना? दुसरं. माणसांना पाण्याखाली नेतात, मासे जवळ यावेत म्हणून त्यांना पाव चारतात. काही जण प्रवाळावर पाय देऊन उभे राहतात, फोटोसाठी. जे वाढायला वर्षं लागतात ते एका टाचेखाली जातं. हा हिशेब मी फॅक्टरीत शिकलो. वापरलेला माल परत भरला नाही तर कोठार रिकामं होतं.

नाना : मासे कमी झाले ते पाव चारल्यामुळे?

तात्या : नाही. खोटं कशाला बोलू! ते केलं पर्ससीन जाळ्यांनी आणि रात्री दिवे लावून मासे ओढणाऱ्या मोठ्या बोटींनी. आमचे रापणवाले आणि ते, यांच्यात किती वर्षं भांडण चाललंय. सरकारनं २०१६ साली पर्ससीनवर निर्बंध घातले, तरी भांडण संपलेलं नाही.

नाना : म्हणजे मासा आधी गेला, पर्यटक नंतर आला. रापण ओढून चार बांगडेही मिळेनात, तेव्हा त्या पोरांनी होडीत पाहुणे बसवले. तू त्याला गाव विकणं म्हणतोस. मी म्हणतो, दुष्काळात माणसानं पेरा बदलला. आमच्याकडे ज्याला पाणी मिळालं तो कपाशी सोडून केळीकडे गेला. त्याला कुणी गद्दार म्हणालं नाही.

तात्या : पेरा बदलणारा शेतमालक असतो, नाना. पेरा कुणी ठरवला ते बघ. १९८७ साली सरकारनं मालवणचा समुद्र सागरी अभयारण्य केला. २९.१२ चौरस किलोमीटर. मच्छीमारांनी विरोध केला. का? मासा नको होता म्हणून? नाही. ज्या पाण्यावर घर चालतं त्याचा निर्णय त्यांना न विचारता झाला म्हणून. दहा वर्षांनी, १९९७ साली, सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला. १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, २०२१ ला चिपीला विमान उतरलं. प्रत्येक वेळी कुणीतरी येऊन सांगितलं, तुमचं गाव आता अमुक झालं आहे. आधी अभयारण्य, मग पर्यटन. आमचा राजकोट किल्ला मेढ्यातच आहे. डिसेंबर २०२३ मध्ये तिथे महाराजांचा पुतळा उभा राहिला, ऑगस्ट २०२४ मध्ये तो कोसळला, मग २०२५ मध्ये नवा आला. त्या दोन वर्षांत माझ्या शांत वाडीचं नाव देशभर झालं. वाडीला यातलं काय हवं होतं, हे कुणी विचारलं असेल असं मला वाटत नाही.

आतापर्यंत नाना हसत होते. इथे त्यांचा आवाज खाली आला.

नाना : विचारण्याचं म्हणतोस? माझ्या बापाला विचारलं होतं का?

तात्या काही बोलले नाहीत. त्यांना ही गोष्ट ठाऊक होती. मला तुकड्यातुकड्यांनी ठाऊक होती.

नाना : १९८२ ला हतनूर पूर्ण झालं. चांगदेवाजवळ पूर्णा तापीला मिळते, त्याच्या खाली हे धरण. पाणी मागे तुंबलं ते रावेर आणि मुक्ताईनगरच्या गावांत शिरलं. मुक्ताईनगर तेव्हा एदलाबाद होतं. आमचं गाव उठलं आणि वरच्या माळावर त्याच नावानं बसलं. नाव आणलं, मारुती आणला, दरवाजाच्या चौकटी बैलगाडीत घालून आणल्या. नदी तेवढी आणता आली नाही. आणि त्या पाण्याचं काय झालं ते तुला माहीत आहे. भुसावळला गेलं, दीपनगरच्या वीज केंद्राला गेलं, आपल्या फॅक्टरीला आलं. ज्या पाण्यात माझं घर आहे, त्या पाण्यावर आपण दोघांनी पगार घेतला. म्हणून म्हणतो, तू नशीबवान आहेस. तुझं गाव बदललं हे सांगायला तू गाडीत बसून जाऊ शकतोस. खळ्यातल्या गाड्या मोजू शकतोस. माझं गाव बदलायलासुद्धा उरलं नाही.

थोडा वेळ फक्त पुऱ्या तळल्याचा आवाज येत होता. मग तात्यांनी विचारलं.

तात्या : मे महिन्यात सायकल घेऊन कुठे जातोस तू? तुझ्या घरी विचारलं की सांगतात, मळ्यात गेलेत.

नाना : गाळपेर बघायला. पाणी उतरलं की जमीन उघडी पडते. लोक टरबूज-काकडी लावतात.

तात्या : तुझं टरबूज नसतं तिथे.

नाना : नसतं. आमच्या घराच्या जोत्याचे चार दगड दिसतात. त्यावर बसतो जरा वेळ. काय बघतोस असं? बसतो, पण कुणाच्या टरबुजाला आडवा येत नाही. ज्यानं वेल लावलाय त्याला ‘इथे आमची चूल होती’ असं सांगून त्याचा वेल उपटत नाही. तुझ्यात आणि माझ्यात एवढाच फरक.

तात्या : मी तरी कुठे पुतण्याचा फलक काढला? गप तिकीट काढून परत आलो.

इथे दोघंही हसले आणि दुसरं भरीत वाढलं गेलं. मला वाटलं, वाद मिटला. पण तो खरा सुरू व्हायचा होता, कारण नानांनी पाण्याकडे हात केला.

नाना : आता आपलं बघू. पावसाळ्यात हतनूरचे ४१ दरवाजे उघडले की भुसावळ-जळगावहून माणसं बघायला येतात. थंडीत ही बदकं येतात, कुठून कुठून. लालसरी, चक्रवाक, तलवार बदक. आमची मुक्ताईची पालखी आषाढीला पंढरपूरला जाते आणि हे पाण्यावरचे वारकरी थंडीत इकडे येतात. त्यातल्या एका काळ्या पाणपक्ष्याला पुस्तकात वारकरीच नाव आहे. पक्षी बघणाऱ्यांच्या नकाशावर हतनूरचं नाव महत्त्वाचं आहे म्हणतात. मग इथे चार होड्या का नसाव्यात? भरीत-पुरीची दुकानं का नसावीत? शिकलेली पोरं फॅक्टरीच्या गेटवर चकरा मारतात. त्यांना तू काय सांगणार, मालवणला माझं खळं गेलं म्हणून तुम्ही उपाशी राहा?

तात्या : होडीला इंजिन लावलंस की पुढच्या वर्षी लालसरी येणार नाही. मग लोक काय बघायला येतील, तुझी दुकानं?

मी पहिल्यांदा तोंड उघडलं. व्हेनिसचं सांगितलं. तेही बेटांवरचं शहर, मूळ शहरात आता पन्नास हजारही माणसं राहत नाहीत. एप्रिल २०२४ मध्ये तिथे गर्दीच्या ठरावीक दिवशी, मुक्काम न करणाऱ्या पाहुण्याकडून पाच युरो घ्यायला सुरुवात झाली.

नाना : गावात शिरायला तिकीट? मग ते गाव कशाचं, प्राणिसंग्रहालय झालं.

तात्या : पाच युरो देऊनही माणसं येणारच. पैसा घेतला म्हणजे गर्दी पवित्र होत नाही.

मग साताऱ्याजवळच्या कास पठाराचं सांगितलं. २०१२ साली ते जागतिक वारशाच्या यादीत गेलं आणि फुलं बघायला लोंढे आले. तिथे दिवसाला ३,००० माणसांची मर्यादा ठरवली गेली. शुल्क घेणं, वाट दाखवणं, गाड्या लांब थांबवणं ही कामं आसपासच्या गावांची समिती वन विभागाबरोबर करते.

नाना : हे बरंय. तिकीट गावानं फाडायचं.

तात्या : आणि किती फाडायची तेही गावानं ठरवायचं. पहिलं जमलं की दुसरं विसरतात, हे मी पाहून आलोय.

नाना : मग तू सांग. बस आणि लिहून दे. होडी कुठपर्यंत न्यायची, कुठून पुढे न्यायची नाही. तुझ्या मालवणात काय आधी करायला हवं होतं आणि राहून गेलं?

तात्या : मी? मी तर इथला पाहुणा.

नाना : चाळीस वर्षांचा पाहुणा! हे बघ, शेतात बांध कोरला गेला की मोजणीवाला येतो, नकाशा काढतो, साखळी टाकतो. सातबाऱ्यावर गट नंबर असतो, क्षेत्र असतं. पण मोजणी सुरू होण्याआधी गावातला एखादा म्हातारा बोलावतात. तो काठी टेकत येतो आणि सांगतो, इथे निंब होता, निंबाच्या खालून बांध जायचा. त्याचं त्या जमिनीत काही नसतं. मालक तो नाही, वाटेकरीही नाही. पण बांध कुठे होता हे त्यालाच माहीत असतं. मालवणला तू पुतण्याला नुसता रुसून दाखवलास. त्यापेक्षा खळ्यात उभा राहून सांगायचंस, रापणीची जागा इथून इथपर्यंत, ती मोकळी ठेवा. विहिरीचं पाणी आधी शेजारणीला, मग खोल्यांना. बाकी तुमच्या मनासारखं करा.

तात्या : ऐकलं असतं?

नाना : नसतं ऐकलं कदाचित. पण बांध ठाऊक असलेला माणूस न बोलता गाडीत बसला, तर तो बांध कायमचा गेला.

तात्यांनी हात धुतले आणि माझ्याकडे वही मागितली. माझ्याकडे वही नव्हती, म्हणून नानांच्या नातवाच्या वहीतलं एक पान फाडलं. त्यावर त्यांनी मोजून पाच ओळी लिहिल्या. डिसेंबर ते फेब्रुवारी इंजिनाची होडी नको, वल्ह्याचीच. काठावरच्या पाणथळीपासून लांब राहायचं. गाळपेरीवर गाड्या उतरवायच्या नाहीत. पिण्याचं पाणी पाहुण्यांच्या आधी काठावरच्या वस्तीला. पाचवी ओळ लिहून त्यांनी खोडली आणि पुन्हा लिहिली : येणाऱ्याला विचारायचं, जेवलास का?

नानांनी कागद वाचला आणि म्हणाले, चौथी ओळ वर घे. मग तो घडी करून बंडीच्या खिशात ठेवला.

दोघांपैकी कोण जिंकलं, हे मला सांगता येणार नाही. वाद संपला तेव्हा दोघांचीही बाजू थोडी सरकली होती. नानांना पाहुणे हवेच होते, पण मोजून. तात्यांना अजूनही जुनं मालवणच आवडत होतं, पण मार्चमध्ये ते पुन्हा जाणार आहेत. या वेळी आठ दिवस पुरे करून येणार, आणि पुतण्याला सोबत घेऊन दांडीच्या वाळूवर रापणीची जागा दाखवून येणार.

ज्यांच्या गावात पाहुण्यांची वर्दळ सुरू होते आहे, मग ते समुद्राकाठी असो की धरणाकाठी, त्यांना माझी एकच विनंती आहे. पहिला फलक लावण्याआधी गावातल्या म्हाताऱ्याला किनाऱ्यावर घेऊन जा. तो रडगाणं गाईल, तेही ऐकून घ्या. मग त्याला विचारा, बांध कुठे होता. आणि त्याच दिवशी लिहून ठेवा.